मेगॅलोसॉरस की मॅमथ : सोन्यात एकच प्राणी घ्यायचा असेल तर

धनत्रयोदशीला थोडं सोनं घ्यायचंच आहे, घरात वेढणी आणि लक्ष्मीच्या छापाची नाणी पुरेशी झाली आहेत आणि आता एखादा नामशेष झालेला प्राणी सोन्यात हवासा वाटतोय, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. निव्वळ गुंतवणूक करायची असेल तर सरळ बिस्किट घ्या. प्राण्याच्या चित्राचे पैसे वर मोजावे लागतात आणि ते मोडताना परत मिळतीलच, अशी हमी मी तरी देणार नाही.

अशी नाणी जगभर निघतात, पण खिसा आणि मुंबईत बसून मिळण्याची शक्यता, दोन्ही बघितलं की मामला दोन प्रकारांवर येऊन थांबतो. पहिला प्रकार म्हणजे ब्रिटनच्या रॉयल मिंट या टांकसाळीची ५० पेन्सची सोन्याची प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत पाडलेली नाणी. २०२० साली त्यात तीन डायनासोर आले आणि २०२१ साली त्याच धर्तीवर आणखी तीन प्राणी. दुसरा प्रकार म्हणजे अर्ध्या ग्रॅमची चिमुकली नाणी, ज्यांवर मॅमथ या केसाळ हत्तीपासून ट्रायलोबाइट या समुद्रातल्या किड्यासारख्या प्राण्यापर्यंत काय वाटेल ते सापडतं. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला तिसरा प्रकारही विक्रेते पुढे करतात. तो मी पहिल्याच फेरीत बाद केला. आपल्या हवेत चांदी कडेनं काळवंडायला लागते आणि मुलामा असल्यानं ती घासताही येत नाही. सोनं म्हणून घ्यायचं तर सोनंच असावं.

पहिल्या दोन्ही प्रकारांतलं एकेक नाणं माझ्याकडे आहे. अर्ध्या ग्रॅमचा मॅमथ आधी आला, ५० पेन्सचा मेगॅलोसॉरस नंतर. दोन्ही अजून कपाटात आहेत आणि दोन्ही विकायचा विचार नाही, तेव्हा मी तटस्थ आहे असं मानायला हरकत नसावी. अगदीच तटस्थ नाही हे पुढे कळेलच.

ब्रिटिश नाण्यांचं आधी सांगतो, कारण त्यांच्यामागे एक सुसंगत गोष्ट आहे. २०२० च्या संचातले तीन प्राणी म्हणजे मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. टी-रेक्स नाही, ट्रायसेराटॉप्स नाही. पोरांना विचारलंत तर निम्म्यांना ही नावं सांगता येणार नाहीत. पण निवड बरोबर आहे. ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड यांनी १८२४ साली मेगॅलोसॉरसचं वर्णन छापलं. शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनासोर. ससेक्समधले डॉक्टर गिडियन मँटेल यांनी १८२५ मध्ये इग्वानोडॉन आणि १८३३ मध्ये हायलिओसॉरस जगापुढे आणला. मग १८४२ साली रिचर्ड ओवेन यांनी नेमक्या या तिघांना एकत्र बांधून एक नवा गट मांडला आणि त्याचं नाव ठेवलं डायनोसॉरिया. म्हणजे ही तीन नाणी शेजारी ठेवली की एका शास्त्राची पहिली अठरा वर्षं टेबलावर येतात. आवडत्या प्राण्यांची यादी करून काढलेला हा संच नाही, आणि माझ्यासारख्याला नेमकं तेच आवडतं.

चित्रं रॉबर्ट निकोल्स या प्रागैतिहासिक प्राण्यांच्याच चित्रकाराची आहेत आणि लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम या कामात बरोबर होतं. त्यामुळे प्राणी आजच्या समजुतीप्रमाणे उभे आहेत. हे बारीकसारीक वाटेल, पण इग्वानोडॉनच्या अंगठ्याचं टोकदार हाड मँटेल यांनी त्याच्या नाकावर शिंगासारखं बसवलं होतं, आणि १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत उभारलेले पुतळे अजूनही तसेच आहेत. तिथला मेगॅलोसॉरससुद्धा चार पायांवर चालणारं अवजड धूड आहे. नाण्यावरचा मेगॅलोसॉरस दोन पायांवर आहे. सोन्यात छापलेली चूक कायमची राहते, म्हणून घेण्याआधी मी हे बघतोच.

२०२१ चा संच मेरी अ‍ॅनिंग यांच्या नावाचा. डॉर्सेटच्या लाइम रेजिस किनाऱ्यावर कड्यातून जीवाश्म उकरून काढणाऱ्या या बाईंना हयातीत शास्त्रज्ञांच्या बैठकीत जागा नव्हती. त्यात टेम्नोडॉन्टोसॉरस, प्लेसिओसॉरस आणि डायमॉर्फोडॉन आहेत. हे तिघंही काटेकोरपणे डायनासोर नव्हेत. दोन समुद्रातले, एक उडणारा. भेट द्यायची असेल तर हे आधी माहीत असू द्या. हल्लीची मुलं तोंडावर चूक काढतात.

आता आकार. सोन्याचं ५० पेन्स २७.३ मिलिमीटरचं आहे, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याएवढंच. दहाचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं भरतं, हे साडेपंधरा ग्रॅमचं. आकार ओळखीचा आणि वजन बरोबर दुप्पट. तळहातावर घेतल्या घेतल्या हाताला जो अनपेक्षित भार लागतो, तो मला आजही आवडतो. २२ कॅरेट असल्यानं त्यात निव्वळ सोनं १४.२ ग्रॅम, दहा ग्रॅमचा तोळा धरला तर दीड तोळ्याला जरा कमी.

दुसऱ्या बाजूला अर्ध्या ग्रॅमचं नाणं. व्यास ११ मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या निम्मा. ठसठशीत टिकलीएवढं म्हणा. सोनं मात्र ९९९.९ कसाचं, चोख. ही नाणी पलाउ, कुक आयलंड्स, नियुए अशा छोट्या बेटांच्या नावानं निघतात आणि पाडली जातात भलतीकडेच, बऱ्याचदा युरोपात. त्या बेटावर मॅमथ कधी फिरकला होता का, असं विचारू नये. यात फसवणूक काही नाही, ती त्या त्या देशाची कायदेशीर नाणीच आहेत. पण चित्रातला प्राणी आणि मागच्या बाजूचा देश यांचं नातं नसणं मला जरा खटकतं. मंगोलियाच्या नावाच्या नाण्यांना तेवढा अपवाद करतो. प्रोटोसेराटॉप्स आणि व्हेलोसिरॅप्टर दोघंही खरोखर गोबीच्या वाळवंटात सापडले, १९२० च्या दशकात रॉय चॅपमन अँड्र्यूज या अमेरिकन संशोधकाच्या मोहिमेत. घरचाच प्राणी घरच्या नाण्यावर. फक्त व्हेलोसिरॅप्टर घेताना त्याच्या हातांकडे बघा. त्याच्या पुढच्या पायाच्या हाडावर पिसं रुजण्याच्या गाठी असल्याचं २००७ साली दाखवून झालं आहे. नाण्यावर तो पालीसारखा गुळगुळीत दिसला तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढे चला.

या छोट्या नाण्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एकतर वैविध्य. ब्रिटिश सोन्यात तुम्हाला ठरावीक प्राणी मिळतात. इथे मॅमथ, मोठ्या सुळ्यांचा वाघ, गुंडाळलेल्या शिंपल्याचा अमोनाइट, जे हवं ते थोडं शोधलं की मिळतं. मला मॅमथच हवा होता. शेवटचे मॅमथ रशियाच्या उत्तरेला रँगल बेटावर सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते, म्हणजे आपल्याकडे हडप्पा संस्कृतीची शहरं नांदत असताना. डायनासोरपेक्षा हा प्राणी आपल्याला कितीतरी जवळचा. दुसरं, पैसे. एका ५० पेन्सच्या पैशात छोटी नाणी डझनाच्या वर येतील. पाचवारीच्या पेटीत घालायला, मुंजीत द्यायला, भाच्याच्या वाढदिवसाला, अशी ती फिरवता येतात. लाखाच्या वरचं नाणं कोण मुंजीत देतो?

हिशेब मात्र सरळ नाही. मला भेटलेले विक्रेते अर्ध्या ग्रॅमच्या नाण्याला त्यातल्या सोन्याच्या दुपटीच्या आसपास भाव सांगत, चांगल्या चित्राला त्याहून जास्त. सराफाच्या भाषेत घडणावळच सोन्याएवढी. ५० पेन्सचं नाणंसुद्धा टांकसाळीनं २०२० मध्ये सोन्याच्या किमतीच्या बऱ्याच वर विकायला काढलं होतं. पण तेव्हा मुंबईत दहा ग्रॅम चोख सोनं चाळीस हजारांच्या घरात होतं आणि २०२५ मध्ये त्यानं लाख ओलांडला. नाण्याच्या मूळ किमतीतला चित्राचा वाटा सोन्याच्या वाढीनं बराचसा गिळून टाकला. आज हातबदलात जे ५० पेन्स मिळतं त्यात सोन्याचा भाग मोठा असतो आणि चित्राचा बेताचा. अर्ध्या ग्रॅमच्या बाबतीत असं घडताना मी पाहिलेलं नाही; सोनं वाढलं की विक्रेते वरची रक्कमही त्याच प्रमाणात वाढवतात.

हे सगळं लक्षात घेऊनही मी कदाचित छोट्याच नाण्यांचा संग्रह करत गेलो असतो. मॅमथ घेऊन घरी आल्यावर एक गोष्ट रोज टोचायला लागली आणि तिनंच काटा फिरवला. ते नाणं बघताच येत नाही.

दिसत नाही असं म्हणत नाही. दिसतं, पिवळा ठिपका दिसतो. बघता येत नाही. जरा सविस्तर सांगतो, कारण विक्रेत्याच्या पत्रकावर हे कधी कळत नाही. तिथे नाण्याचा फोटो तळहाताएवढा छापलेला असतो आणि त्यात मॅमथचा केस न् केस मोजता येतो. प्रत्यक्षात अर्धा ग्रॅम सोनं ११ मिलिमीटरच्या चकतीत पसरलं की तिची जाडी पाव मिलिमीटरच्या जरा वर येते. सोन्याची घनता १९.३ धरून कुणीही हा गुणाकार करून बघावा. या जाडीत दोन्ही बाजूंचे छाप बसवायचे, मग उठाव राहणार किती? नक्षी खोल नसते, जवळजवळ रेखाटलेलीच असते. सोंड, सुळे, कपाळावरचा उंचवटा हे सगळं एकाच पातळीवर येतं आणि फरक उरतो तो फक्त चकचकीत आणि खरखरीत पृष्ठभागाचा.

बरं, भिंग घेतलं. दहापटीच्या भिंगाला वस्तू भिंगापासून इंचभर अंतरावर यावी लागते. पण नाणं कार्डात सीलबंद आहे आणि कार्डाच्या प्लॅस्टिकला जाडी आहे, त्यामुळे त्या इंचातला काही भाग तिथेच जातो. उरलेल्या फटीतून प्रकाश आत जायला हवा, तर वर माझंच डोकं. दिवा बाजूला घेतला की प्लॅस्टिकवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी उमटते. कार्ड तिरकं केलं की पट्टी सरकते, पण प्रूफ नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी असते आणि त्या आरशात मला मॅमथऐवजी स्वतःची पापणी दिसते. आणखी थोडं तिरकं केलं की एका क्षणी सुळ्याची कड लखकन उजळते, हे खरं, आणि तो क्षण सुंदर असतो. तेवढ्यात हात हलतो आणि सगळं परत पहिल्यापासून. पाचपटीच्या भिंगानं अंतर मिळतं, मग केस मिळत नाहीत.

कार्ड फोडून नाणं बाहेर काढायचा मोह होतो. फोडलंत की पुढच्या संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत घसरली. शिवाय पाव मिलिमीटरचं चोख सोनं म्हणजे नखानं ओरखडा पडेल इतकं मऊ. चिमटीत धरलं तर कडेला वाकण्याची धास्ती. त्यामुळे ते कार्डातच राहतं.

घरी कुणी आलं की मी हौसेनं दाखवायला काढायचो. कार्ड हातात घेऊन लोक आधी पाठीमागचं इंग्रजी वाचतात, मग पुढचं वळवून म्हणतात, "अच्छा, हे होय." डायनासोरची नावं तोंडपाठ असलेला शेजारचा पहिलीतला मुलगा ते हातात घेऊन बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "काका, हा आपला साधाच हत्ती आहे." त्याचं काही चुकलं नाही. मॅमथचे वळलेले सुळे नाण्याच्या कडेजवळ इतके चिकटून गेले होते की ते कडेचाच भाग वाटत होते, आणि अंगावरचे केस त्या मापात सुरकुत्यांसारखे. त्याच मुलानं नंतर ५० पेन्स खुर्चीत बसल्या बसल्या, भिंगाशिवाय, दात मोजून पाहिलं. त्या नाण्याची जाडी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास आहे. उठावाला जागा आहे, सावली पडायला जागा आहे. मेगॅलोसॉरसचा जबडा खालच्या मजकुरापेक्षा वर आलेला बोटाला नाही तरी डोळ्यांना जाणवतो.

याच बारीकपणाचा आणखी एक त्रास. सोन्याला गंज नसतो हे खरं, पण चोख सोन्याच्या नाण्यांवर कधीकधी तांबूस ठिपका येतो. पाडताना पृष्ठभागावर राहिलेला धातूचा बारीक कण नंतर रंग बदलतो. माझ्या मॅमथवर एका पावसाळ्यानंतर असा एक आला, टाचणीच्या टोकाएवढा. मोठ्या नाण्यावर तो शोधावा लागला असता. या नाण्यावर त्यानं डोळा आणि कानाचा निम्मा भाग व्यापला. सीलबंद असल्यानं इलाज नाही. सिलिका जेलची पुडी आधीपासून ठेवलीच होती.

दुसरा मुद्दा मोडण्याचा. विकायचं नसलं तरी मी दोन्ही नाणी घेऊन झवेरी बाजारातल्या आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो, सहज विचारायला. ५० पेन्सवर राणी एलिझाबेथची मुद्रा आहे. ती बघताच पेढीवरच्या जुन्या कारागिरानं नाणं काट्यावर ठेवत म्हटलं, "हा तर गिन्नीचाच माल." त्याचं अगदी बरोबर होतं. राणीछाप, राजाछाप गिन्न्या या बाजारात पिढ्यान् पिढ्या येत आहेत, त्यांचा कस ९१६.७, आणि या नाण्याचाही तोच. नाणं त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीतून, म्हणजे कॅप्सूलमधून, न काढता त्यांनी वजनाचा अंदाज सांगितला. काढायची वेळ आली असती तर कॅप्सूल उघडते आणि परत बंदही होते, बोटं फक्त कडेला लागू द्यायची. मशीनवर टच, म्हणजे सोन्याचा कस, काढायला दोन मिनिटं. बीआयएसची हॉलमार्कची खूण त्यावर नसते, तरी भाव सांगताना ते अडखळले नाहीत.

अर्ध्या ग्रॅमचं कार्ड बघून मात्र ते हसले. "यातून काढून द्याल तर बघतो." काढलं की संग्राहकाचा भाव गेला, नाही काढलं तर सराफाचा भाव नाही. काढून दिलं तरी अर्ध्या ग्रॅमला मोडीत जे मिळेल त्यात दोघांचं जेवण आणि टॅक्सी निघावी. अर्थात, अर्ध्या ग्रॅमचं नाणं कुणी मोडायला घेत नाही, ते संग्राहकालाच विकायचं, हे मान्य. पण मग संग्राहक सापडेपर्यंत थांबण्याची तयारी हवी.

मुंबईत मिळवायचं कसं? परदेशातल्या टांकसाळीच्या दुकानातून घरपोच मागवण्याचा विचार सोडून द्या. आपल्याकडे सोन्याची आयात ठरावीक बँका आणि नेमलेल्या संस्थांमार्फत होते. पाकीट कस्टम्समध्ये अडकलं की त्याच्या मागे लागण्यात जीव जातो. नातेवाइकांकडून आणवायचं असेल तर त्यांना आधीच स्पष्ट सांगा की प्रवाशाला दागिन्यांवर मिळणारी सूट नाण्यांना लागू नाही. सहार विमानतळावर लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करायचं, शुल्क भरायचं, पावती घ्यायची. सहा महिन्यांच्या वर परदेशात राहून परतणाऱ्या भारतीयाला सवलतीचा दर मिळतो. आठ दिवस फिरून आलेल्याला बसणारा दर कितीतरी जबरी असतो. माझं ५० पेन्स भाचीनं असंच रीतसर आणलं. ती तिकडे दोन वर्षं नोकरीला होती म्हणून परवडलं.

नाहीतर इथल्याच नाणे विक्रेत्यांकडून घ्या. कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे छोटी नाणी हमखास दिसतात आणि मोठी अधूनमधून. फोर्टात नियमित लिलाव होतात. जिथून घ्याल तिथे काटा मागा. हे ५० पेन्सच्या बाबतीत फार महत्त्वाचं. याच प्राण्यांची साधी तांबे-निकेलची नाणी संग्राहकांसाठी निघाली होती, रंगीतही निघाली होती, आणि त्यांवर बाहेर कुणीतरी मुलामा चढवून विकतं. साधं नाणं ८ ग्रॅमचं, चांदीचंही ८ ग्रॅमचं, सोन्याचं साडेपंधरा. मापात ते सगळे सारखेच दिसतात, काटा खोटं बोलत नाही. वजन सांगायला टाळाटाळ करणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

आता माझ्या आवडत्याचेही दोष सांगायला हवेत. ५० पेन्स सात बाजूंचं आहे. १९६९ साली हा आकार चलनात आला तेव्हा जगातलं ते पहिलं सप्तकोनी नाणं होतं, आणि बाजू किंचित फुगीर ठेवल्यानं कसंही फिरवलं तरी रुंदी सारखीच भरते. कॅप्सूल मात्र गोल. सातही कोपरे आत टेकतात, पण पकड घट्ट नसते. पेटी जरा हलवली की नाणं फिरतं आणि मेगॅलोसॉरस कधी कड्यावरून खाली कोसळताना, कधी पाठीवर उताणा सापडतो. दर वेळी कॅप्सूलवर टिचक्या मारून त्याला पायांवर आणावं लागतं. काही लोकांना याचं काही वाटत नाही. मला वाटतं, पण भिंगाच्या कसरतीपेक्षा ते पत्करलं.

दुसरा दोष मोठा आहे. एका नाण्यात सगळे पैसे जातात. तीनही घ्यायची म्हटली तर चार-साडेचार तोळ्यांचा ऐवज होतो, आणि तो घरी ठेवायचा नसतो, म्हणजे लॉकरमध्ये जातो, म्हणजे ते बघणंही बंद. मी एकावर थांबलो आहे. इग्वानोडॉनची रिकामी जागा डोळ्यांना खुपते, पण तिथे सध्या चांदीचं ठेवलं आहे. रंगही २२ कॅरेटचा, किंचित गडद. चोख सोन्याचा तो लिंबासारखा पिवळेपणा ज्यांना हवा त्यांना हे नाणं पहिल्या नजरेत जुनाट वाटू शकतं.

मधला रस्ता आहे का? एक दशांश औंसाची, म्हणजे ३.११ ग्रॅमची नाणी काही मालिकांत निघतात. त्यांचा व्यास साधारण सोळा-सतरा मिलिमीटर असतो आणि तिथे उठावाला थोडी जागा मिळते. हव्या त्या प्राण्याचं त्या मापातलं नाणं मिळालं तर जरूर विचार करा; मी घेतलेलं नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

छोटी नाणी कुणी घ्यावीत हेही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. ज्याला मॅमथच हवा आहे आणि डायनासोर चालणार नाही, त्यानं छोटंच घ्यावं. ज्याला दहा-बारा प्राण्यांचा पट मांडायचा आहे आणि तो भिंतीवर चौकटीत लावायचा आहे, त्यानंही. चौकटीत माणूस रांग बघतो, एकेक नाणं बघत नाही, त्यामुळे माझी तक्रार तिथे लागू नाही. आणि ज्याचे डोळे अजून पंचविशीतले आहेत त्यानं माझं हे भिंगपुराण थोडं वगळून वाचावं. बाकी, एक प्राणी, एक नाणं आणि कधी मनात आलं की हातात घेऊन बघणं, एवढंच हवं असेल तर थोडं थांबून, पैसे साठवून ५० पेन्स घेतलेलं बरं, असं मला वाटतं.

आपल्या मातीतला प्राणी हवा असं काहींना वाटेल, मलाही वाटतं. नर्मदेच्या खोऱ्यातला राजासॉरस आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेला इसीसॉरस तर अगदी महाराष्ट्रातलाच. फोर्टातल्या टांकसाळीनं तो सोन्यात काढला तर मी वरचा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवून रांगेत उभा राहीन, नाणं केवढंही असो.

तोवर ब्रिटिश तिघांपैकी कोणता घ्यावा असं विचाराल तर नावासाठी मेगॅलोसॉरस, पण सौदा करायचा असेल तर हायलिओसॉरस. काटेरी कवचाचा हा प्राणी फारसा कुणाला माहीत नाही, आणि विक्रेते त्याच्यावर भाव सोडताना मी पाहिले आहेत. कवचाचे काटे सोन्यात फार छान उठले आहेत. बिलावर वजन, कस आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या, आणि सोबतचं प्रमाणपत्र मूळ पेटीसकट मागा. पेटी नसेल तर भाव आणखी खाली यायला हवा.